पाठकोरा बर्फ

दर खेळाला मी बर्फ पाडायचे आणि खेळ संपला की तो झाडून, चाळून परत पिशवीत भरायचे. दोन हजार सतराच्या जुलैतली शाळांची सुट्टी होती. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पण ऑकलंडला बर्फ पडत नाही आणि पामर्स्टन नॉर्थलाही पडत नाही. पडतो तो आडवा पाऊस. म्हणून आईबाप तिकिटं काढून पोरांना बर्फ दाखवायला आणतात, आणि आमच्या सर्कशीत तो बर्फ कागदाचा होता.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर्कस? म्हणजे ते वाघ-सिंह पिंजऱ्यात घालून?"

"नाही गं, जनावरं नाहीत. नव्या पद्धतीची सर्कस आहे. नुसती माणसं."

"माणसं पिंजऱ्यात?"

"पिंजराच नाही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "पण तिथं झाडतं कोण ते बघ."

झाडणारी मीच, हे मी तिला सांगितलं नाही.

बाबा सोलापुरात एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. आई ती वाटायची, शिवाय बुवाबाजीविरुद्धची तिची स्वतःची पत्रकं वेगळी असायची. फडताळाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, माळ्यावर गठ्ठे, आईच्या पिशवीत कायम शंभरेक. मी बाराखडी गिरवली ती त्यांच्या पाठीमागच्या बाजूला. एका अंगाला 'कामगार बंधूंनो' आणि दुसऱ्या अंगाला माझा वाकडा क. अशा एका बाजूनं कोऱ्या कागदाला पाठकोरा म्हणतात. मला वाटतं 'कागद' हा शब्द यायच्या आधी मला 'पाठकोरा' हा शब्द येत होता.

देवधर्म घरात नव्हता, पण नियम होते. शेजारची मुलं कागदाला पाय लागला की तो हातानं शिवून कपाळाला लावायची, सरस्वती म्हणून. आई म्हणायची, सरस्वती वगैरे काही नाही, पण यातलं एकेक अक्षर कुणीतरी डोळे फोडून जुळवलंय, तेव्हा छापलेल्या कागदावर पाय द्यायचा नाही. कारण बदललं, नियम तोच. दुसरा नियम वशिल्याचा. वशिला लावायचा नाही, कुणाचा चालवून घ्यायचा नाही. दादाला इंजिनिअरिंगला वसतिगृहात खोली मिळेना तेव्हा बाबांच्या ओळखीचे एक साहेब त्याच कॉलेजात होते. बाबांनी शब्द टाकला नाही. दादानं अख्खं वर्ष एसटीनं ये-जा केली. तो हे अजून विसरलेला नाही, आणि मी अजून त्याच्याशी त्यावरून भांडते.

मी शिकायला म्हणून ऑकलंडला आले आणि शिकून झाल्यावर ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात लागले. यंत्राच्या फळीवर उभं राहायचं, कमरेला पट्टा अडकवायचा, आणि आठ-नऊ मीटर वर जाऊन रॅकमधले खोके काढायचे. पहिल्या वर्षी मी तिथं एक पानी पत्रक लिहिलं होतं, पाणी प्यायला गेलं तरी घड्याळ लावतात त्याबद्दल. जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर टाचलं. दोन दिवसांनी बघितलं तर त्याच्यावर कुणीतरी केकविक्रीची जाहिरात टाचली होती. ती काढून खाली टाचावी असंही मला वाटलं नाही. आधी वाटलं असतं.

सर्कशीचं काम त्या गोदामातूनच आलं. बरोबरच्या एकीचा नवरा सर्कशीचे दोर आणि झुले बांधायचा. त्यांना उंचीला न घाबरणारं, पट्टा नीट अडकवणारं माणूस हवं होतं. माझी साठलेली रजा होती. कुठे फिरायला जायचं तर त्याचाही शीणच येतो, म्हणून मी हो म्हटलं. पेनरोजमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये तालीम झाली, मग ऑकलंडचे खेळ, आणि शेवटी गुरुवार ते रविवार पामर्स्टन नॉर्थ. दादा तिथल्या एका संशोधन संस्थेत यंत्रं सांभाळतो. त्या चार दिवसांसाठी मी त्याच्याच घरी उतरले.

शोची गोष्ट साधी होती. एका घरी हिवाळा पाहुणा म्हणून येतो आणि जायचं नाव काढत नाही. कुणी दोरावर चढून त्याला हाकलतं, कुणी खुर्च्यांवर खुर्च्या रचून. विदूषकाचं काम एक बाई करायची, डनेडिनकडची, चाळिशी उलटलेली, गुडघ्याला कायम पट्टा. ती सबंध शोभर तोंडातून शब्द काढायची नाही, फक्त आपला उंबरा झाडायची. झाडून झाला की वरून मूठभर बर्फ. परत झाडायचा, परत बर्फ. लोक पोट धरून हसायचे. मी वर बसून दोरी हलवत असायचे आणि मला ते तितकंसं विनोदी वाटायचं नाही.

शेवटी ती दमते, झाडू टाकते, प्रेक्षकांतून एका मुलाला बोलावते आणि रंगमंचाच्या मधोमध आखलेल्या पांढऱ्या गोलात उभं करते. मूल वर बघतं. ती टाळी वाजवते, आणि मग मोठा बर्फ. छताखाली लांबलचक कापडी झोळी टांगलेली असायची, तिच्या एका अंगाला चिरा पाडलेल्या. ती हलवली की त्यातून पांढऱ्या पातळ कागदाचे तुकडे निसटायचे, डुलत डुलत खाली जायचे. दोरी खालूनही ओढता आली असती, पण झोळी अडकायची, म्हणून वर एका अरुंद फळीवर पट्टा बांधून मी. कानात स्टेज मॅनेजरचा आवाज. मोठ्या अंगाचा शांत माणूस होता. रोज सकाळी प्रत्येकाजवळ जाऊन 'किया ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणायचा आणि दुपारी "स्नो, गो" म्हणायचा. त्याच्या "गो"वर मी हलवायचे. बास, एवढंच काम. उरलेलं झाडणं.

गुरुवारी खेळ आटपून दादाकडे आले. स्वेटर काढला तर त्यातून बर्फ गळला. माझी पुतणी, सात वर्षांची, इथंच जन्मलेली, गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा वेचायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजी. अधूनमधून एखादा मराठी शब्द, खडीसारखा.

"आत्या, इट्स पेपर!"

"मग काय वाटलं तुला?"

"आय थॉट इट वॉज समथिंग." मग तिनं ते तुकडे जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले.

जेवायच्या आधी ती दारातून टपाल घेऊन आली आणि सुपरमार्केटच्या जाहिराती जमिनीवर पडल्या त्यांच्यावरूनच चालत गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय काढ! छापलेल्या कागदावर पाय द्यायचा नाही."

ती दचकली. दादा स्वयंपाकघरातून ओरडला, "अगं, फ्लॉवरच्या सेलचं पत्रक आहे ते, क्रांतीचं नाही."

"सेलचं असलं तरी. कुणीतरी बसून केलंय ना?"

"मशीननं केलंय."

"मशीन कुणी लावलं?"

"झालं सुरू," दादा वहिनीला म्हणाला. "सोलापूर आलं."

पोर माझ्याकडे बघत होती. "सो समवन मेड ईच लेटर?" मी तिला खिळ्यांबद्दल सांगितलं. तिचे आजोबा शिशाची उलटी अक्षरं एकेक करून कशी लावायचे ते. तिनं जाहिराती उचलून टेबलावर ठेवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवसभरात तेवढंच काय ते बरं वाटलेलं.

शुक्रवारी ती माझी वाट बघत दारातच बसली होती. तिच्या वर्गातला एक मुलगा गुरुवारच्या खेळाला आला होता आणि विदूषकबाईनं नेमकं त्यालाच गोलात उभं केलं होतं. त्याच्या आईनं फोटो पाठवला होता. इथल्या शाळेत सकाळी 'न्यूज' असते. मुलांनी सगळ्यांपुढे उभं राहून आपली बातमी सांगायची. कुणाकडे नवं कुत्र्याचं पिल्लू, कुणी होडीतून मासे धरलेले. आमच्या पोरीची पाळी आली की ती म्हणते, आय डोंट हॅव न्यूज, आणि बसते. हे मला वहिनीनं सांगितलं होतं.

"आत्या, आम्ही संडेला येणार ना? कॅन यू टेल द क्लाउन टु पिक मी?"

"नाही."

"व्हाय? शी इज युअर फ्रेंड."

"म्हणूनच नाही. त्याला वशिला म्हणतात."

"व्हॉट्स वशिला?"

मी सोपं करून सांगायचा प्रयत्न केला. रांगेत सगळे उभे असतात आणि एकजण आतल्या माणसाला हळूच सांगून पुढे जातो, तो वशिला.

"सो इट्स लाइक सेइंग प्लीज?"

"प्लीज सगळ्यांदेखत म्हणतात. वशिला कानात."

ती दारातून उठली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बट आय नीड न्यूज." आणि आत गेली. दादानं वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "एसटीचा पास काढून दे तिला," म्हणाला.

शनिवारी पाऊस. सामानाच्या ट्रकचं ताडपत्री छत कुठेतरी उसवलं होतं, बर्फाची दोन पोती रात्रभरात भिजून लगदा झाली. नवा कागद ऑकलंडहून यायचा, तोही सोमवारी. मॅनेजर लगद्यात हात घालून नुसता उभा होता. कोपऱ्यात शोची उरलेली हस्तपत्रकं होती, चार खोकी, एका बाजूला निळी छपाई. मी एक उचललं आणि सवयीनं उलटं केलं. पांढरंशुभ्र. पाठकोरं.

"हे कापू या," मी म्हटलं. "लांबून पांढरंच दिसेल."

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "यू ब्यूटी!" हॉलच्या कार्यालयातलं कागद कापायचं पातं मागून आणलं, आणि मी कापायला बसले. पन्नास-पन्नासचा गठ्ठा, आधी पट्ट्या, मग चौकोन. पेट घेऊ नये म्हणून त्यावर फवारायचा द्राव त्यांच्याकडे होता. तो मारून हीटरपुढे पसरून वाळवलं. दुपारपर्यंत एक पोतं भरलं. बाबांनी जन्मभर अक्षरं जोडली आणि मी ती तीन तास तोडत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण खेळ दोन वाजता होता आणि माझा अंगठा सुजला होता.

नवा बर्फ जड पडायचा. पातळ कागद डुलतो, हा गिरक्या घेत सरळ खाली यायचा. पत्रकं अशीच पडतात. कॉलेजच्या गॅलरीतून मी स्वतः टाकलेली होती, त्या वेळी केवढा उत्साह असायचा अंगात. खाली जमलेल्यांपैकी किती जण उचलतात ते मोजायचो आम्ही.

रविवारी दोन खेळ होते, अकराचा आणि दोनचा. दादाची तिकिटं दोनची. पहिला खेळ संपल्यावर मी बर्फ झाडून गोळा केला आणि बागेतली माती चाळायची चाळणी घेऊन बसले. चाळणीत राहतात त्या वस्तू: केसांच्या पिना, पॉपकॉर्न, एक दुधाचा दात. बर्फ खाली पडतो. विदूषकबाई पट्टा सैल करून शेजारी येऊन बसली आणि न सांगता दुसरी चाळणी घेतली.  मला चार दिवसांची झोप आली होती. खांदे दुखत होते. परवापासून परत गोदाम.

"युअर लिटल वन कमिंग टुडे?" तिनं विचारलं.

"येस," मी म्हटलं. मग म्हटलं, "तिसरी रांग. पिवळा रेनकोट."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणून ती चाळत राहिली.

मी काही मागितलं नव्हतं. रेनकोटचा रंग सांगितला होता. वर फळीवर चढून पट्टा अडकवेपर्यंत मी हेच स्वतःला सांगत होते, आणि पट्टा अडकला तेव्हा मला स्वच्छ कळलं की ही कारणं मी कुठे ऐकलेली आहेत. बाबांच्या पत्रकांत असली माणसं असायची. 'आपण तर काहीच केले नाही असे म्हणणारे.'

वरून प्रेक्षक दिसतात ते टाळूकडून. तिसऱ्या रांगेतला पिवळा ठिपका मला सगळ्यात आधी दिसला. दोर झाले, खुर्च्या झाल्या, उंबरा झाडून झाला. मूठमूठ बर्फ मी टाकत गेले आणि रंगमंच पांढरा होत गेला. बाईनं झाडू टाकला. कपाळावर हात आडवा धरून प्रेक्षकांवरून नजर फिरवली, उजवीकडे, डावीकडे, सगळं बरोबर, रोजच्यासारखं. मग बोट दाखवलं.

पिवळा ठिपका उठला. पायऱ्या चढून रंगमंचाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

रोज मुलं तिथून पळत गोलात जातात. ही थांबली. वाकली. एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला. दुसरा उचलला. लोक हसले. बाईनं ये-ये केलं. पोरीनं मान हलवली, नाही. आता लोक जास्त हसले. खाली काय चाललंय हे त्या सबंध हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. त्या तुकड्यांवर अक्षरं होती. ती मीच कापलेली. आणि त्यांच्यावर पाय द्यायचा नाही हेही मीच सांगितलेलं.

कानात मॅनेजर म्हणाला, "व्हॉट्स शी डुइंग?" माझ्याकडे बोलायचं बटण होतं. मी दाबलं नाही. 

बाई गुडघ्यावर बसली, त्या दुखऱ्या गुडघ्यावर, आणि पोरीच्या तोंडाशी कान नेला. पोर काहीतरी बोलली. बाईनं जमिनीकडे बघितलं. मग उठली, टाकलेला झाडू परत उचलला, आणि त्या कडेपासून गोलापर्यंत झाडत गेली. विनोदी नाही, नीट, जसं मी झाडते तसं. काळी वाट उघडी पडली. पोर त्या वाटेवरून, दोन्ही पाय जपून टाकत, गोलापर्यंत गेली.  तो शोचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं असणार.

ती गोलात उभी राहिली आणि वर बघितलं. अंधारात मी तिला दिसत नव्हते, पण बघत होती बरोबर माझ्याकडे.

टाळी वाजली. "स्नो, गो."

माझा हात हलला नाही.

"स्नो, गो," तो परत म्हणाला, तितक्याच शांतपणे.

तिला बर्फ हवा होता. त्यासाठी तर आली होती. आणि मी झोळी हलवली की तिच्या पायाशी, त्या झाडलेल्या वाटेवर, सगळीकडे तीच अक्षरं पडणार होती. न हलवणं हा तर नुसता माझा पुळका झाला असता, तिच्या हातात काहीच न देणारा. मी हलवली. पूर्ण हलवली. तीन तासांत कापलेलं सगळं खाली गेलं.

तिनं रेनकोटचा खालचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि ओचा केला. आमच्याकडच्या बायका शेंगा वेचताना पदराचा करतात तसा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या ओच्यात जेवढं पडेल तेवढं झेलत ती जागच्या जागी फिरत राहिली, डावीकडे, उजवीकडे, पाय न हलवता. रोज निघतो तो 'आऽ' निघाला, मग टाळ्या. मी झोळी हलवत होते आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पिवळा घेर आणि त्यात साठणारं पांढरं. दिवे गेले तेव्हा बाईनं तिला विचारून कडेवर उचललं आणि खाली नेऊन ठेवलं.

मी पट्टा सोडून खाली आले तोवर लोक निघून गेले होते. दादा, वहिनी आणि ती पहिल्या रांगेत बसलेली. ओचा तसाच धरलेला.

"काय मॅडम," दादा खूश होता, "लावलात ना शेवटी वशिला? माझ्या होस्टेलच्या वेळी कुठे होतात?"

"अहो," वहिनी म्हणाली.

"नाही, मला आनंद झालाय. तीस वर्षांत आमच्या घराण्यात पहिला!"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. "डिड यू?"

एका क्षणात नाही म्हणता आलं असतं. मी शब्द टाकला नव्हता, हे अक्षरशः खरं होतं. दादानंसुद्धा मान्य केलं असतं. पण मला इतका थकवा आला होता की खोटं रचायची ताकद नव्हती, आणि याचं श्रेय माझ्या तत्त्वांना आहे असं कुणी समजू नये.

"मी तिला तुझ्या रेनकोटचा रंग सांगितला," मी म्हटलं.

"कानात?"

"हळू. हो."

ती रडली नाही, चिडली नाही. ओच्यातले तुकडे खुर्चीवर ओतले आणि वेगळे करायला लागली. पत्रकांच्या कडांचे, दोन्हीकडून कोरे एका बाजूला, निळी अक्षरं असलेले दुसऱ्या बाजूला. दादा म्हणाला, चल, उशीर होतोय. ती उठली नाही. मी झाडू घेतला. झाडताना मध्येच तिनं विचारलं, "आत्या, कोऱ्यावर पाय चालतो?"

 आमच्या घरी कोरा कागद कधी नव्हताच. "माहीत नाही," मी म्हटलं. "आजीला विचार."

"आणि हे? वन साइड?"

"त्याला पाठकोरा म्हणतात."

"पाठकोरा," ती म्हणाली. ठ नीट आला. मग अक्षरांचे तुकडे तिनं रेनकोटच्या खिशात भरले, कोरे माझ्या पोत्यात टाकले, आणि गाडीकडे गेली.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी ईस्ट टामाकीत स्मोकोच्या सुट्टीत, म्हणजे चहाच्या, बाहेर कठड्यावर बसून दादाच्या घरी फोन लावला. ती शाळेतून यायची वेळ होती. वहिनीनं तिला दिला.

"न्यूज सांगितलीस?"

"येस."

"काय सांगितलंस?"

"आय सेड माय आत्या मेक्स स्नो. आणि आजोबा उलटी लेटर्स लावायचे. देन दे आस्क्ड क्वेश्चन्स. हीप्स, खूप."

"आणि तू वर गेलीस ते? गोलात?"

"नो."

"का गं? तीच तर खरी न्यूज."

 तिकडे दप्तर जमिनीवर टाकल्याचा आवाज आला.

"बिकॉज वशिला," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. वर्गात कुणाला रांगेचा नियम सांगावा तसं. "ओके बाय, आत्या."

आत भोंगा वाजला. मी कप धुतला आणि पट्टा अडकवायला गेले.